तहानंतर उभा राहिलेला किल्ला

टोकियोच्या दक्षिण अंगास, जेथे एदोहून, म्हणजे जुन्या टोकियोहून, क्योतोकडे जाणाऱ्या तोकाइदो राजमार्गाचा पहिला मुक्काम पडे, ते शिनागावा नावाचे जुने बंदर, भराव घालता घालता समुद्रापासून इतके दूर लोटले गेले आहे की, लाटांच्या आशेने कान टवकारावे तर ऐकू येते ती आगगाडी. जुन्या रस्त्याची रुंदी मात्र तीच आहे, कालव्यात घरासारख्या छपरांच्या नौका बांधलेल्या आहेत, आणि कागाता देवळाच्या आवारात १७९८ साली खाडीत शिरलेल्या देवमाशाचे स्मारक आदराने राखलेले आहे.

आमच्या समवेत मालवणचे एक स्नेही होते. ज्याच्या दारात शिवरायांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला, अशा मनुष्यास परमुलखातला जलदुर्ग दाखविणे हे कोल्हापूरकरास परगावचा तांबडा रस्सा वाढण्याइतकेच धोक्याचे.

१८५३ च्या जुलैत अमेरिकेचा कमोडोर पेरी चार काळी जहाजे घेऊन उरागापाशी ठाकला आणि पुढल्या वर्षी जबाबासाठी येतो असे बजावून गेला, तेव्हा शोगुनच्या दरबाराची झोप उडाली व निरायामाचे मामलेदार एगावा तारोझाएमोन यांजकडे समुद्रात तोफांचे बुरूज उठविण्याची कामगिरी आली. चेरीच्या बहरासाठी विख्यात असलेली शिनागावाची गोतेन्यामा टेकडी कापून तिची माती पाण्यात लोटली गेली. बेत अकरा-बारा बुरुजांचा, समुद्रात पुरे झाले पाच. पेरी मात्र १८५४ च्या फेब्रुवारीतच परतला, मार्चअखेर कानागावाचा तह झाला, आणि पहिले तीन बुरूज सिद्ध झाले ते त्यानंतर! सरकारी बांधकामाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. बाकी याच एगावांनी १८४२ साली फौजेच्या शिध्यासाठी पाव भाजविला होता, व त्याच पुण्याईवर जपानात ते आजही पावाचे जनक म्हणून ओळखले जातात. तोफांची कीर्ती तेवढी टिकली नाही.

खरा अग्नी पेटला तो निराळाच. १८६३ च्या जानेवारीत त्याच गोतेन्यामावर बांधून होत आलेली ब्रिटिश वकिलात चोशू संस्थानाच्या तरुण सामुराईंनी जाळली. मसलत शिनागावाच्या सागामीया नामक रंगमहालात शिजली असे सांगतात. त्या मंडळींतील इतो हिरोबुमी १८८५ साली जपानचे पहिले पंतप्रधान झाले, यावरून परराष्ट्रव्यवहाराची उमेदवारी कोठून सुरू करावी, याविषयी आमच्या मुत्सद्द्यांनी काय बोध घ्यायचा तो घ्यावा.

समुद्रातल्या त्या पाचांपैकी तिसरा बुरूज १९२८ पासून सार्वजनिक उद्यान आहे. दगडी तटावर गवताचा बांध, मधोमध खोलगट मोकळी जागा. येथून शत्रूवर किती वेळा तोफा डागल्या, अशी स्नेह्यांनी पृच्छा केली. एकदाही नाही, असे कळताच त्यांनी सिंधुदुर्गाच्या वतीने समाधानाचा निःश्वास टाकला. पुढे ओदाइबाच्या किनाऱ्यावर, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदेवीची प्रतिमा हातात मशाल घेऊन निर्धास्त उभी पाहिली, तेव्हा ते थबकले आणि म्हणाले, “मगे ही बाई आत इली कशी?”

तरीही आम्ही पाहिलेल्या किल्ल्यांत, ज्याच्या तटाला रक्ताचा डाग नाही असा हा एकच, म्हणून आमच्या मते तो पहिल्या पंक्तीत बसावा. रेनबो पुलावरून पायी जाता येते, प्रवेशास पैसे पडत नाहीत. जाणाऱ्याने एगावांना स्मरून पाव तेवढा बरोबर न्यावा.