किती जणांना नाकारलंत, ते सांगू नका

सीयूईटी देऊन, जागावाटपाच्या फेऱ्या पार करून दिल्ली विद्यापीठात आलेल्या मुलांना पहिल्याच महिन्यात कळतं की अजून एक परीक्षा बाकी आहे. ती कॉलेजातल्या सोसायट्यांची. नाटक, वादविवाद, संगीत, नृत्य, क्विझ, फोटोग्राफी, एनॅक्टस. प्रत्येकीचं पोस्टर भिंतीवर, पोस्टरवर क्यूआर कोड, कोडमागे गुगल फॉर्म. नाव आणि कोर्स लिहून झाला की फॉर्म मुद्द्यावर येतो: याआधीचा अनुभव काय? आमच्याच सोसायटीत का यायचंय? तुम्ही सोसायटीला काय देणार? मग ऑडिशन, मग मुलाखत, मग एखादा ‘टास्क’ आणि शेवटी रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर यादी. यादीत नाव नसलेल्या मुलीला कॅम्पसवर येऊन जेमतेम तीन-चार आठवडे झालेले असतात. आपल्यात काही नाही, असं तिला एकोणीस वर्षांच्या सीनिअर्सनी ठरवून दिलेलं असतं.

हे चूक आहे, आणि चूक त्या सीनिअर्सची कमी, कॉलेजांची जास्त आहे.

‘सोसायटीत जाऊन फायदा काय?’ असं घरून फोनवर विचारतात. प्रश्न रास्त आहे. लातूरहून, जळगावहून पोरगं दिल्लीला पाठवायचं, पीजीचं भाडं भरायचं, तर त्याचा वेळ कुठे जातोय हे आईवडिलांनी विचारायलाच हवं. आणि फायदे आहेत. सोसायटीच्या स्पर्धेसाठी बाहेर गेलात तर त्या दिवसांची हजेरी मिळते. सर्टिफिकेट मिळतं. एमबीएच्या मुलाखतीत बोलायला काही हाताशी असतं. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत असेल तर पदवीनंतर लेखी परीक्षेशिवाय थेट सैन्याच्या निवड मंडळापुढे (एसएसबी) उभं राहता येतं, हा तर रोकडा फायदा. यूपीएससीची मुख्य परीक्षा देणाऱ्यांच्या सविस्तर अर्जातही कॉलेजातल्या जबाबदाऱ्या, खेळ, छंद यांच्यासाठी रकाने असतात आणि मुलाखत मंडळ तिथूनच प्रश्न काढतं. शेजारच्या मुखर्जीनगरात अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांना हे चांगलंच ठाऊक आहे. तिथे नुसतं ‘सदस्य’ लिहून भागत नाही. काय केलंत, असा पुढचा प्रश्न येतो आणि काही केलेलं नसेल तर दोन मिनिटांत उघडं पडतं.

म्हणजे फायदा कामाचा आहे. सदस्यत्वाचा नाही. पण गेल्या काही वर्षांत सदस्यत्वच विकायला निघालंय. ‘तुमची निवड झाली आहे, शुल्क भरा’ अशी पत्रं आता इनबॉक्समध्ये येतात. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना हा अनुभव नेहमीचा. तिथल्या ‘ऑनर सोसायटी’ची परंपरा मोठी आहे. ‘फाय बीटा काप्पा’ १७७६ सालची, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी काढलेली. वादविवाद करायला जमलेली ती पोरं होती. आज तिथे निवड होते ती अभ्यासातल्या गुणवत्तेवर, आणि अमेरिकी सरकारी नोकरीत सुरुवातीची वेतनश्रेणी ठरवताना मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीतली निवड धरलीही जाते. पण तिच्या नावाच्या आसपास घोटाळणाऱ्या कितीतरी संस्था अशा की पैसे भरले की सन्मान घरपोच. कोथरूडमधले आईबाबा विचारतात, भरू का? माझं उत्तर एकच आहे. तुमच्या विभागातल्या प्राध्यापकांना त्या संस्थेचं नाव विचारा. त्यांनी ऐकलेलं नसेल तर एक डॉलरही देऊ नका.

दिल्लीतल्या सोसायट्या पैसे घेत नाहीत. त्या दुसरी किंमत घेतात. आपली इभ्रत त्या नाकारलेल्यांच्या संख्येवर मोजतात. ‘तीनशे फॉर्म आले, आम्ही पंधरा घेतले,’ हे वाक्य कॅम्पसवर अभिमानाने बोललं जातं. तीनशे मुलांना शिकायची इच्छा होती आणि दोनशे पंच्याऐंशींना तुम्ही काहीच शिकवलं नाही, यात अभिमान कसला? आणि गळतं कोण, तेही बघा. ज्याच्या शाळेत वादविवादाचा संघ होता, ज्याला आठवीपासून व्यासपीठ मिळालं, तो आत जातो. ज्याच्या तालुक्यात गॅदरिंगपलीकडे काही नव्हतं, जो इंग्रजी वाक्य मनात जुळवून मग बोलतो, तो बाहेर. म्हणजे ज्याला सोसायटीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच दार बंद. अनुभव मिळावा म्हणून तो आलाय आणि फॉर्म त्याच्याकडे अनुभवच मागतोय.

आत गेलेल्यांची मेहनत मी बघितली आहे आणि तिला मी कमी लेखणार नाही. नुक्कड नाटकाचा संघ दुपारी वर्ग सुटल्यावर गोल करून उभा राहतो तो अंधार पडेपर्यंत. माइक नाही, त्यामुळे आवाज बेंबीच्या देठापासून काढावा लागतो. सप्टेंबरच्या उकाड्यात कुर्ते अंगाला चिकटतात, सिमेंटवर गुडघे सोलवटतात, डफ वाजवणाऱ्याच्या बोटांना चिकटपट्ट्या असतात. वीस-पंचवीस मिनिटांचं नाटक सगळे मिळून लिहितात, भांडतात, खोडतात, पुन्हा लिहितात. लिफ्टमध्ये दोन शब्द न बोलणारी मुलगी दिवाळीपर्यंत शंभर माणसांच्या घोळक्यावर आवाज फेकायला लागते. एवढं कोणत्याच पेपरातून येत नाही. म्हणूनच ते पंधरा जणांपुरतं राखून ठेवणं मला सहन होत नाही.

आणि हे नाटक चाललंय कुणासाठी? हिंदू कॉलेजचा ‘मक्का’, एसआरसीसीचा ‘क्रॉसरोड्स’, लेडी श्रीराम कॉलेजचा ‘तरंग’, अशा फेस्टमधल्या परीक्षकांसाठी मुख्यतः. याच एनसीआरमध्ये, साहिबाबादच्या झंडापूर गावात १ जानेवारी १९८९ ला कामगारांसमोर ‘हल्ला बोल’ हे नुक्कड नाटक करताना रंगकर्मी सफदर हाश्मींवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी ते गेले. वय चौतीस. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलयश्री संघासह तिथेच परतल्या आणि अर्धवट राहिलेलं नाटक पुरं केलं. सफदर सेंट स्टीफन्सचे विद्यार्थी. ज्या प्रकारात त्यांनी जीव ओतला, तो प्रकार ट्रॉफ्यांच्या कपाटात जाऊन बसू नये. काही संघ वस्त्यांमध्ये, बाजारात प्रयोग करतात. त्यांचं कौतुक ट्रॉफीवाल्यांपेक्षा जास्त व्हायला हवं.

कॉलेजातलं मंडळ काय करू शकतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईत आहे. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. निबंध वाचायचे, चर्चा करायची, एवढ्यावर ते थांबले नाहीत. वर्षभरात त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सदस्य विद्यार्थी सकाळी आपला अभ्यास सांभाळून तिथे फुकट शिकवायला लागले. लोकांचा विरोध होताच. नाना शंकरशेट यांनी जागा दिली. पंचविशीही न गाठलेले दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते, आणि पुढे भाऊ दाजी लाड तिचे अध्यक्ष झाले. या सदस्यांना सोसायटीतून काय मिळालं, ते त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून कळतं.

दिल्लीतही असं घडलंय. किरोडीमल कॉलेजची ‘द प्लेयर्स’ ही नाट्यसंस्था उभी राहिली ती प्राध्यापक फ्रँक ठाकूरदास यांच्यामुळे. अमिताभ बच्चन, कुलभूषण खरबंदा, सतीश कौशिक त्याच कॉलेजचे. मागे एक शिक्षक ठाम उभा होता, हे यातलं महत्त्वाचं. आज तो शिक्षक कुठून आणायचा? दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षं हजारो प्राध्यापकांना चार-चार महिन्यांच्या ‘अ‍ॅड-हॉक’ नेमणुकांवर राबवलं. पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो संध्याकाळी सातपर्यंत तालमीला कसा थांबेल? आता बऱ्याच जागा कायम भरल्या गेल्या, तर निदान त्यांना हे काम द्या आणि त्यांच्या कामाच्या तासांत धरा. खोली नाही, पैसा नाही, शिक्षक नाही, म्हणून सेकंड इयरची पोरं पंधराच जणांना सांभाळू शकतात आणि मग त्या टंचाईलाच प्रतिष्ठा म्हणतात.

प्रयोगात पंधराच जण उभे राहू शकतील, हे मला मान्य आहे. स्पर्धेचा संघ निवडा, त्याला हरकत नाही. पण आठवड्याची कार्यशाळा, वादविवादाची सराव-बैठक, स्क्रिप्ट वाचन यांना ऑडिशन कशाला? एनएसएसकडे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेकडे बघा. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, असा तिचा सरळ हिशेब. आधी काय येतं ते विचारत नाही, तास भरा म्हणते. हीच रीत नाटकाला, वादविवादाला, फोटोग्राफीला लावता येईल.

यादीत नाव न आलेल्या मुलांना सांगायचं ते हे: एनएसएसमध्ये नाव घाला, किंवा तुमच्यासारखेच पाच जण गोळा करून लॉनवर दर बुधवारी बसायला लागा. मराठी नाटकाचं वाचन करायचं असेल तर त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही.

आणि पालकांनो, पुढच्या वर्षी कॉलेजांच्या माहितीपुस्तिकेत सोसायट्यांच्या बक्षिसांची यादी दिसेल. ते पान उघडून प्राचार्यांना विचारा: गेल्या वर्षी किती मुलं आली होती, त्यातल्या किती जणांना वर्षभर काहीतरी करायला मिळालं, त्यांच्याबरोबर कोणता शिक्षक थांबत होता, आणि त्यांची तालमीची खोली कुठे आहे?