मा. ब्रेकसाहेबांस अनावृत पत्र

मा. ब्रेकसाहेब,
मुक्काम : वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा.



आपली ओळख नाही असा एकही हेल्पर छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत सापडायचा नाही. बजाजनगर-रांजणगावच्या भाड्याच्या खोल्यांत पोरं आपल्या येण्याचे महिने बोटांवर मोजतात. सातवा सरत आला की सुपरवायझर नजर चुकवत सांगतो, "तुझा ब्रेक आलाय, उद्यापासून येऊ नको." कामात खोट नसते. उलट जाता जाता नव्या पोराला मशीन शिकवून जा, असं फर्मान निघतं.

आपला हिशेब वाखाणण्याजोगा आहे. वर्षभरात अखंड २४० दिवस भरले की टेम्पररी कामगाराला कायम करा, असं महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनी सांगितलं. म्हणून आपण त्याच्या अलीकडेच हजर! नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या या शहरात इतकं वक्तशीर दुसरं कोणी नाही.

मालक म्हणतात, माणूस पारखून घ्यायला नको का? घ्यावा की! हात बसलाय की नाही ते तीन महिन्यांत कळतं. पण तोच पोरगा थोडे दिवस गावी बसून, दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, त्याच गेटातून त्याच मशीनवर परत येतो आणि त्याची पारख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मुलगी बघायलाही कुणी एकाच घरी पाचव्यांदा जात नाही. (त्या घरात पहिला प्रश्न असतो, "पर्मनंट आहे का?" आणि पोरगा म्हणतो, "कंपनीत आहे.")

वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवून कायमपणाचे हक्क बुडवणं ही राज्याच्या १९७१च्या कायद्यानं अनुचित कामगार प्रथा ठरवली. आपण त्या कायद्याला पुरून उरलात. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता आल्या; ठरावीक मुदतीच्या नोकरीतही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळणार. छान! सातव्या महिन्यात घरी बसलेल्याचं वर्ष कसं भरायचं, तेवढं आपण सांगा.

सरकारलाही आपला लळा दिसतो. २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६ हजार, पदवीधराला १० हजार; मुदत सहा महिने. पुढे ती वाढली, अकरा झाली. बारावा महिना सगळ्यांनाच जड.

आपल्याला माझी एकच विनंती आहे. नेमणुकीच्या कागदावर पारखीची शेवटची तारीख लिहू द्या, आणि त्या दिवशी हो की नाही ते मालकाला तोंडानं सांगू द्या.

कळावे, लोभ नसावा.

ता. क. (पोरांसाठी) : २४० दिवस भरल्याचा पुरावा कोर्टात कामगारानंच द्यायचा असतो; सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली तसं सांगितलंय. तेव्हा पगाराच्या चिठ्ठ्या आणि पीएफच्या नोंदी ठेकेदार बदलला तरी जपा. गेटपासचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा. ब्रेक देताना गेटपास जमा करून घेतात.