भाकरीला ठोसा

आमच्या इमारतीतला एक पोरगा बॉक्सिंग शिकतो. वय सतरा, वजन साठ किलो. पहाटे पळणं, दोरीच्या उड्या, संध्याकाळी दीड तास बॅग आणि स्पारिंग. गेल्या महिन्यात त्याने घरात जाहीर केलं, ‘‘भात, पोळी, भाकरी बंद. कार्ब खायचे नाहीत.’’ आजीला वाटलं, कार्ब हे कसलंसं व्यसन असावं. तिला बरंच वाटलं.

हे ज्ञान आलं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून. काकांनी भात सोडून सात किलो उतरवलेत. त्यांचा दिवसभरातला सर्वांत जोरकस ठोसा लिफ्टच्या बटणावर बसतो. त्यांनी भात सोडला, छान केलं. पण खुर्चीचं पथ्य रिंगमध्ये कशाला?

हौशी बॉक्सिंगची लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. एवढ्यात आमच्याकडे चहासुद्धा गाळून होत नाही. पण त्या नऊ मिनिटांत स्नायू जे इंधन भराभर जाळतात, ते असतं साठवलेल्या साखरेचं, म्हणजे ग्लायकोजेनचं. चरबी काय, अंगावर भरपूर असते. पण ती मुदत ठेव. समोरून डावा हुक येत असताना बँकेत जाऊन ठेव मोडणार कोण? तेव्हा खिशातली रोकडच कामाला येते, आणि ती खिशात येते भात-भाकरीतूनच.

हिशेबच मांडू. रोज तासभर, त्याहून जास्त घाम गाळणाऱ्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे साधारण 5 ते 7 ग्रॅम कर्बोदकं लागतात. साठ किलोच्या पोराला झाली 300 ते 420 ग्रॅम. मध्यम ज्वारीच्या भाकरीत पस्तीसेक ग्रॅम मिळतात. म्हणजे नुसत्या भाकरीवर भागवायचं तर नऊ ते बारा! अर्थात पोहे, केळी, दूध, वरण यांचाही त्यात वाटा असतो. आमचे बॉक्सर मात्र दोन अंडी आणि डब्यातली पावडर यावर दिवस काढत होते. वर एनर्जी ड्रिंक. त्या अडीचशे मिलीच्या कॅनमध्ये सत्तावीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे पाऊण भाकरी. भाकरी विटाळलेली, कॅन मात्र सोवळ्यातला.

पहिल्या आठवड्यात काटा दीड किलोने उतरला आणि घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले (पेढ्यांत कार्ब!). गंमत अशी, की एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बाळगून असतं. स्नायूंत चारेकशे ग्रॅम, यकृतात शंभरेक. साठा आटला की पाणीही गेलं. काट्याने पाणी मोजलं, पोराने ती चरबी समजली.

मी हे सांगितलं तर त्याने मेरी कोम काढली. ‘‘काका, 2018 मध्ये पोलंडला तिने चार तासांत दोन किलो उतरवले. आणि 48 किलोत सुवर्ण!’’ खरं आहे. तासभर दोरीवर उड्या मारल्या होत्या तिने. पण तो एका सकाळचा घाम होता, तोही अशा बाईचा जिची तोवर पाच विश्वविजेतेपदं झाली होती. त्यावरून महिनाभराचा उपास कसा निघतो, ते मला कळलं नाही. शिवाय तिचं मणिपूर म्हणजे भातावर जगणारा मुलूख, हे त्याच्या मोबाइलने त्याला सांगितलं नव्हतं.

लढतीच्या तोंडावर मटकीची उसळ हाणून जावं, असं मी म्हणत नाही. पोटात गॅस घेऊन पोटावर ठोसे खाणं हा वेगळाच खेळ आहे. दोन-तीन तास आधी मऊ भात, नंतर केळं, सरावानंतर वरणभात. यात परदेशी काहीच नाही, म्हणूनच बहुधा कोणी ऐकत नाही.

परवा स्पारिंगमध्ये तिसऱ्या फेरीला पोराचे हात छातीच्या खाली आले. गार्ड असा नव्हताच. समोरच्याने नाकावर दोन जॅब मोजून दिले. उस्तादांनी विचारलं, ‘‘काय खाल्लंयस?’’

‘‘दोन अंडी, सर.’’

‘‘काल?’’

‘‘चार.’’

त्यांनी पिशवीतून दोन केळी काढून हातावर ठेवली आणि पुढच्या पोराला बोलावलं. त्या रात्री आजीच्या तव्यावरून पाच भाकऱ्या सरळ ताटात गेल्या.

काकांच्या कानावर हे गेलं. काल ते लिफ्टमध्ये भेटले, हातात कोरे करकरीत लाल ग्लोव्हज. म्हणाले, ‘‘सोमवारपासून क्लास लावतोय. भात आजपासून सुरू केला तर चालेल ना?’’