रुळांची सांधेदुखी

आमच्या नानींचा उजवा गुडघा दुखायला लागला की घरात चहा उशिरा होतो. चहा उशिरा म्हणून दादांची अंघोळ उशिरा, दादांची अंघोळ उशिरा म्हणून धाकटीची वेणी राहते, वेणी राहते म्हणून शाळेची रिक्षा फाटकाशी भोंगा वाजवत उभी, आणि तिच्यामागे अडकलेला दूधवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. दुखतो एक सांधा, खोळंबते अख्खी गल्ली. न्यूयॉर्कच्या सबवेचं याहून वेगळं काही नाही. तिथल्या नानी १९०४ सालच्या आहेत, एवढाच फरक.

तिकडे या दुखण्याला ‘स्विच प्रॉब्लेम’ म्हणतात. ऐकणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, कुणीतरी पंख्याचं बटण दाबायला विसरलं. आपल्याकडे त्याच वस्तूला सांधा म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्याला सांधेवाला. रोगाचं निदान नावातच करून ठेवलंय, डॉक्टरची फी वाचली.

गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी ही वस्तू तशी साधी. निमुळत्या होत गेलेल्या दोन पोलादी पट्ट्या, आणि त्यांना वीतभरसुद्धा नाही इतकं इकडून तिकडे सरकवणारी मोटर. पट्टी मोठ्या रुळाला नीट चिकटली, तिला कुलूप लागलं, असा निरोप मिळाला तरच सिग्नल हिरवा होतो. मध्ये बर्फाचा गोळा, एखादा खडा, नाहीतर कुणी भिरकावलेला शीतपेयाचा डबा आला की निरोप येत नाही आणि सिग्नल लालच राहतो. बँकेत असंच असतं. तुम्ही जिवंत समोर उभे असता, पण सही जुळत नाही. हा हट्ट शहाणपणाचा आहे, कारण अर्धवट बसलेल्या सांध्यावरून गाडी गेली तर रुळांवर राहत नाही. मग माणसं दिवे घेऊन बोगद्यात उतरतात, सांधा हातानं फिरवतात, क्लॅम्प लावून घट्ट करतात, आणि गाड्या वऱ्हाडासारख्या सरकू लागतात.

पण खरी गंमत कुठे येते, तर सोयरिकीत. ब्रुकलिनमधलं डीकॅल्ब अव्हेन्यू स्टेशन घ्या. दक्षिणेकडून डी आणि एन या गाड्या एका रुळावरून येतात, बी आणि क्यू दुसऱ्या. मॅनहॅटन ब्रिज चढण्याआधी या जोड्या मोडतात आणि नव्या जुळतात. पुलाच्या एका अंगानं बी आणि डी, दुसऱ्या अंगानं एन आणि क्यू. दिवसभर, दर काही मिनिटांनी. आमच्याकडे एवढी अदलाबदल पंगतीत ताट मांडतानासुद्धा होत नाही. ही सोयरीक जमली १९६७च्या नोव्हेंबरात. त्याआधी पुलावरून येणारे रूळ एका घराण्याचे आणि सिक्स्थ अव्हेन्यूखालचे दुसऱ्या घराण्याचे. शहरानं १९४० सालीच सगळ्यांना एका छपराखाली आणलं होतं, पण इथला बोगदा जोडून व्याही व्हायला आणखी सत्तावीस वर्षं लागली.

तेव्हापासून नातं घट्ट झालंय. डीकॅल्बजवळ सांधा अडला की डी थांबते. डी मॅनहॅटनात ए बरोबर एका रुळावर धावते, म्हणून ए रखडते, आणि तिकडे पार समुद्राकाठच्या फार रॉकअवेला माणूस घड्याळ बघत उभा राहतो. दुसरीकडे एन अडते. तिच्या रुळावर पुढे आर येते, आर क्वीन्समध्ये एमला अडवते, एम पूर्व नदीच्या पुलावर जेला. या जेमधल्या प्रवाशानं डीकॅल्ब अव्हेन्यू उभ्या जन्मात पाहिलेलं नसतं. त्याला फक्त ‘पुढे गाड्यांची गर्दी आहे’ एवढंच सांगतात. खरंच असतं ते. आपली सून का रुसली, असं विचारल्यावर ‘पाहुणे फार झाले’ म्हणावं, तितकं खरं. (मुंबईकरांनी हसू नये. आपल्याकडचा ‘तांत्रिक बिघाड’ तर कुठल्या गावचा, हेसुद्धा कधीकधी सांगत नाहीत.)

या कुटुंबात दोन पोरी मात्र सुखी आहेत, एल आणि ७ नंबर. दोघींची चूल वेगळी, रूळ आपले आपण, म्हणून संगणकावर चालणारी नवी सिग्नल यंत्रणाही पहिल्यांदा त्यांनाच मिळाली. हे बघून जाणकार वर्षानुवर्षं सांगताहेत की वाटणी करा. ब्रुकलिनच्या एका मार्गाच्या दोन्ही गाड्या पुलाच्या एकाच अंगानं न्या, दुसऱ्याच्या दुसऱ्या, जोड्या मोडूच नका. २०२५च्या डिसेंबरात अशी छोटी वाटणी झालीसुद्धा. कामाच्या दिवशी दिवसभरापुरते एफ आणि एमनं नदीखालचे बोगदे आपसात बदलले, क्वीन्समधला एक गुंता त्यानं सुटावा म्हणून.

मोठ्या वाटणीला मात्र घरातलं कुणीच तयार होत नाही. सगळ्यांना गाडी वेळेवर हवी, शेजारच्याच्या दुखण्याची झळ नको, आणि दारातून बसलं की न बदलता थेट कचेरीशी उतरायलाही हवं. म्हणजे काकांच्या बागेतले आंबे हवेत, काकांचा खोकला नको. फलाट ओलांडून दुसरी गाडी धरण्याचे ते दोन मिनिटांचे कष्ट वाचावेत म्हणून माणूस बोगद्यात वीस मिनिटं आनंदानं अडकून राहतो.

बरं, सांधे बदलायचे तर गाड्या थांबवाव्या लागतात, आणि हे खातं चोवीस तास चालू. रात्री दोनला भट्टीवर जाणारा पाववालाही गाडी मागतो आणि सांधा दुरुस्त करणाराही रात्री दोनचीच वेळ मागतो.

नानींनाही डॉक्टरांनी परवा सांगितलं की गुडघा बदलावा लागेल. नानी लगेच तयार झाल्या. फक्त एवढंच विचारलं, चहा टाकता टाकता करता येईल का?