गुरुवारी सुट्टी कुणाला असते?

पाथरीच्या बसस्टँडवर परवा एक पोरगी सेलूच्या गाडीची वाट बघत बसली होती. मांडीवर बारावीचं जीवशास्त्र, त्याच्या आत सुहास शिरवळकर. शेजारच्या काकूंनी वाकून पाहिलं. "काय वाचायलीस गं? खून न् प्रेम! त्यापरीस अभ्यास कर." पोरीनं पुस्तक मिटून पिशवीत घातलं. गाडी येईपर्यंत ती मोबाइल बघत राहिली. त्याबद्दल काकू काही बोलल्या नाहीत.

त्या काकूंची नि माझी ओळख नाही, पण आजचं भांडण त्यांच्याशीच आहे.

काकू, खून न् प्रेम एका पुस्तकात आले म्हणून ते पुस्तक वाया गेलं नाही. उलट तिथंच ते कामाला येतं. नुसती प्रेमकथा वाचली की वाटतं, मनाला पटलं म्हणजे झालं. नुसती रहस्यकथा वाचली की सगळ्यांचाच संशय येतो. दोन्ही एकत्र आल्या की खरा पेच पडतो: हा माणूस आवडतोय, पण सांगतोय ते खरं आहे का? आमच्या भागातल्या पोरींना हा पेच एका दुपारी, पोह्यांच्या बशा उचलल्या जाण्याआधी सोडवावा लागतो. त्याची तयारी त्यांच्याकडून कोण करून घेतं? जीवशास्त्र तर घेत नाही.

काकूंचं मत नवं नाही. 1928 साली अमेरिकेत एस. एस. व्हॅन डाइन नावाच्या लेखकानं रहस्यकथेचे वीस नियम छापले, त्यातला एक होता की गोष्टीत प्रेमप्रकरण नको. दोनच वर्षांनी इंग्लंडात डोरोथी सेयर्स या बाईंनी तो नियम मोडला. त्यांची नायिका हॅरिएट वेन स्वतःच रहस्यकथा लिहिणारी, आणि तिच्यावर आरोप कसला, तर आधीच्या प्रियकराला सोमल घातल्याचा. सेयर्सबाईंचा गुप्तहेर लॉर्ड पीटर तिला तुरुंगात भेटतो, पहिल्याच भेटीत लग्नाचं विचारतो आणि पुढं तिला फासापासून वाचवतो. तरी ती नाही म्हणते. 1930 च्या कादंबरीतला हा नकार 1935 च्या कादंबरीच्या अगदी शेवटी होकारात बदलतो. ज्यानं जीव वाचवला त्याला उपकाराखाली दिलेला होकार खरा की खोटा, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. प्राण वाचवणाऱ्याला ताटकळत ठेवण्याचा हक्क तिनं बजावला. आमच्याकडं "पाहुणे ताटकळलेत" म्हणून अर्ध्या तासात होकार मागतात.

शेरलॉक होम्सची बास्करव्हिलच्या कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तक 1902 चं. माळावर रात्री जळत्या तोंडाचं कुत्रं फिरतं, लोक म्हणतात घराण्याला शाप आहे. शेवटी निघतं ते तोंडाला फॉस्फरस फासलेलं साधं कुत्रं. पण त्यातली लॉरा लायन्स कुणाला आठवते? लग्नाचं वचन देऊन ते कुत्रं पाळणारा स्टेपलटन तिच्याकडून हवं ते करून घेतो. जिला तो बहीण म्हणून मिरवतो ती त्याची बायको आहे, हे पुराव्यानिशी दाखवल्यावर लॉरा तोंड उघडते. कुत्र्याइतकंच ते वचनही बनावट होतं. एकाच माणसानं भुताचा नि प्रेमाचा दोन्हींचा वापर केला, आणि दोन्ही फोडायला एकच प्रश्न लागला: हे कुणाच्या फायद्याचं आहे?

या प्रश्नाचं मोल आम्हाला कुणी सांगायला नको. पाथरीहून मानवत 15-20 किलोमीटरवर. 1972 च्या अखेरीपासून 1974 च्या सुरुवातीपर्यंत तिथं एकामागून एक मुली आणि बाया मारल्या गेल्या. मुंबईत रामन राघवच्या खुनांचा तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णींकडं हा तपास आला. त्यातून पुढं आलं ते गुप्तधनासाठी दिलेल्या बळींचं प्रकरण. 2024 साली त्यावर मालिका निघाली, आशुतोष गोवारीकर त्यात कुलकर्णी झाले, आणि बाहेरगावचे लोक आम्हाला विचारू लागले, असं खरंच झालं होतं का? झालं होतं. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून त्याविषयी आवाज खाली करूनच बोलतात. जमिनीत धन आहे, ते रक्त मागतं, हे सांगणाऱ्याला "तुला कुणी सांगितलं, आणि यात तुला काय मिळणार?" असं विचारणारं कुणी भेटलं असतं, तर निदान एखादी पोर वाचली असती, असं मला मनापासून वाटतं. ज्या भागात हे घडलं, तिथं तरी पोरीच्या हातातली रहस्यकथा हिसकावू नये.

वाचनालयांनाही दोन शब्द. 2013 साली शिरवळकरांच्या कादंबरीवरच्या 'दुनियादारी' सिनेमासाठी तिकिटांना रांगा लागल्या. त्याच शिरवळकरांच्या रहस्यकथांतले फिरोज इराणी, अमर विश्वास, मंदार पटवर्धन दर्शनी कपाटात किती ठिकाणी दिसतात? वाचनसंस्कृतीवर भाषण करायला बोलावलेला पाहुणा "आम्ही लहानपणी असलंही वाचायचो" म्हणतो, तेव्हा त्यातला 'असलंही' मला टोचतो. त्या 'असल्या'च पुस्तकांनी त्याला वाचायची सवय लावली.

माझी मावशी सातवी शिकलेली. तिची पुस्तकं गव्हाच्या कोठीत असायची. कीड लागू नये म्हणून गव्हात कडुलिंबाचा पाला घालतात, त्या पाल्याखाली बाबूराव अर्नाळकर. पुस्तक उघडलं की कडवट वास यायचा आणि शिवणीच्या खाचेत एखादा दाणा अडकलेला असायचा. अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेला माणूस. काळापहाड, धनंजय, छोटू मावशीला तोंडपाठ, पण तिचा जीव झुंजारवर, आणि त्याच्याहून जास्त त्याच्या सोबतिणीवर, विजयावर. "ती त्याच्या संगं जाती," मावशी सांगायची, "घरी बसून वाट बघत नाही."

भिंतीपलीकडच्या चाचांचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. ते इब्ने सफींचे भक्त. 1952 साली अलाहाबादेत त्यांची 'जासूसी दुनिया' मालिका सुरू झाली, त्याच वर्षी लेखक पाकिस्तानात गेले, तरी पुस्तकं दोन्हीकडं निघत राहिली. दुपारच्या वेळी मावशी भिंतीवरून झुंजारची गोष्ट सांगायची, चाचा सफींच्या इम्रानची. जूलिया इम्रानवर जीव टाकते आणि हा तिला दाद देत नाही, याचा मावशीला फार राग. "त्याला कळत नाही, का कळून घ्यायचं नाही?" चाचा म्हणायचे, "बहन, यही तो असली राज़ है."

या मावशीच्या धाकट्या लेकीला पाहायला पाहुणे आले. मुलगा भोसरीला एका कंपनीत टर्नर. आपल्याकडं म्हणतात 'चौकशी केली'. म्हणजे शेत किती, त्यातलं पाण्याखालचं किती, भाऊ किती. ती झालेली होती. मी पाण्याचे ग्लास फिरवत होतो. बशा आल्या, मावशी दारात उभी राहिली आणि सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "सुट्टी कवा असती हो तुम्हाला?"

"रविवारी," मुलगा म्हणाला.

मावशीचा भाऊ काही वर्षं भोसरीत राहिलेला. तिकडच्या कारखान्यांत सुट्टी गुरुवारची, त्या दिवशी वीज बंद असते म्हणून, हे तिनं त्याच्या पत्रांतून वाचलेलं. "मग गुरुवारी लाईट जाती तेव्हा काय करता?"

मुलगा बशीकडं बघत राहिला. उत्तर त्याच्या मामानं दिलं, "जनरेटर असतंय की." मावशी "असं होय" म्हणून आत गेली. आत तिनं लेकीला एवढंच सांगितलं, "तो खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. गुरुवारी कुठं असतो ते तू विचार."

लेकीनं माळवदावर जाऊन विचारलं. त्यानं सगळं सांगून टाकलं. कंपनी बंद पडून चार महिने झाले होते, आणि 'नोकरी आहे म्हण' हे मामानं पढवलेलं. ती म्हणाली, "लागली की या. तोवर नाही." खाली मोठा गोंधळ झाला. पाहुण्यांचा अपमान झाला, पोरीला फाजील शहाणपण शिकवलं, हे सगळं मावशीला ऐकून घ्यावं लागलं. कुणीतरी कोठीतल्या पुस्तकांचं नाव काढलं. तिनं ऐकून घेतलं, पुस्तकं हलवली नाहीत.

सात महिन्यांनी तो आला. मामाला न आणता, एकटा, एसटीनं, स्टँडवरून चालत. मावशीनं पोह्यांसाठी कढई चढवली होती. मग तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली. वार गुरुवार होता. तिनं कढई उतरवली आणि परातीत भाकरीचं पीठ घेतलं.