सिद्धनाथ नेमका कुणाचा?

"मावशी, शेंगा वाळत घालता घालता एक ऐका. तुमच्या खरसुंडीचा सिद्धनाथ मूळचा आमचा हो, म्हसवडचा!"

"घ्या! म्हणजे काय पळून आला व्हय आमच्याकडं? नायाबा गवळ्याच्या भक्तीनं आला. सासूबाई सांगायच्या, नायाबा म्हसवडच्या वाऱ्या करून थकला, तसा देवच म्हणाला, आता तू येऊ नको, मीच येतो. गोसाव्याच्या रूपात आला अन् कधी न व्यालेल्या कालवडीचं दूध मागितलं. नायाबानं कास धरली, तर धार लागली!"

"आला असंल. पण लग्न करायला घरीच येतो की नाही? दिवाळीच्या पाडव्याला म्हसवडात घट बसतात. काहीजण तेव्हापासून उभं नवरात्र धरतात. लग्न लागेपर्यंत बूड टेकायचं नाही, पाय सुजले तरी. तुळशीच्या लग्नाला जोगेश्वरीशी लगीन अन् देवदिवाळीला दोघांची रथातनं वरात. नोटांची तोरणं, गुलाल-खोबऱ्याची उधळण!"

"दर वर्षी त्याच बायकोशी अन् एवढ्या हौसेनं! आमच्या ह्यांना दाखवायला न्यायला पाहिजे."

"न्या की. पण आमचा माण तालुका सातारा जिल्ह्यात अन् तुमचा आटपाडी तालुका सांगलीत, म्हणून देवाची वाटणी करू नका."

"वाटणी कसली? आटपाडी आधी औंध संस्थानात होती. 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 ला त्याचंच नाव सांगली. सरकारं बदलली, चांगभलं तेच राहिलं. अन् पौषात या एकदा खरसुंडीच्या जत्रेला. खिलार बैल बघाल तर बघत राहाल. मामंजी दात बघायचे, पाठीवरनं हात फिरवायचे, मग उपरण्याखाली हात घालून बोटांवरच भाव. शेजारच्यालासुद्धा आकडा कळायचा नाही."

"अन् दिराचं काय चाललंय?"

"गलाईच्या धंद्यात आहे तमिळनाडूत. सोनं गाळायला आमच्या भागातली पोरं देशभर पांगलीत. पण चैत्रात सासनकाठ्या निघायच्या म्हटलं की दुकानाला कुलूप अन् गडी गावात हजर."

"बघा, देव असा टिकतो. नाहीतर काय होतं ते ऐका. आमचा भाचा पॅरिसला आहे ना, त्यानं फोटो पाठवला. तिथल्या मोठ्या चर्चखाली तीनशे वर्षांपूर्वी कोरीव दगड सापडले. रोमन बादशहाच्या काळात नदीवरच्या नावाड्यांनी बसवलेले. त्यात त्यांचा एक जुना देव आहे, केर्नुनोस. डोक्याला सांबरासारखी शिंगं अन् शिंगांत गळ्यातली कडी अडकवलेली."

"अगं बाई! मग त्याची बायको कोण? कुणाच्या हाकेला धावला?"

"कुणालाच ठाऊक नाही. नाव कोरलेलं आहे, रूप आहे, गोष्ट एकही उरली नाही. गोष्ट सांगणारी माणसं गेली, देव संग्रहालयात गेला."

"म्हणजे देवाला भांडायला माणसं लागतात, असंच ना?"

"लागतातच! जर्मनीचा तो अभ्यासक सोंथायमर उगाच का आपल्या धनगरांच्या ओव्या टिपत हिंडला? बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं त्यानं, 1976 साली. आणि आपल्या नातवंडांना नायाबा कोण ते माहीत नाही. कुलदैवत विचारलं तर मोबाइलवर शोधतात."

"मग आज रात्री जेवणं झाली की दोन्ही घरची पोरं आमच्या ओट्यावर बसवा. खरसुंडीची गोष्ट मी सांगते, म्हसवडची तुम्ही सांगा. पटलं नाही तर पोरांसमोरच भांडू, म्हणजे त्यांच्या ध्यानात तरी राहील."