मार्गदर्शनाचा महिमा

महिला उद्योजकांच्या पाठीशी उभे राहण्याचा वसा घेतलेल्या तमाम आयोजकांचे हार्दिक अभिनंदन. ८ मार्चच्या आसपास भरणाऱ्या मेळाव्यांत हे दृश्य डोळे भरून पाहावे. व्यासपीठावर आमदार, बिल्डर, बँकेचे साहेब बसलेले आणि हार-तुरे घेऊन महिला त्यांच्या पाठीशी उभ्या.

ओळखी वाढाव्यात हा उद्देशही सफल होतो. साहेबांची बिल्डरशी होते, बिल्डरची आमदारांशी. मसालेवाल्या ताईंचीही होते, ‘स्टॉल जरा कोपऱ्यात घ्या, सोफा ठेवायचाय’ म्हणणाऱ्या मंडपवाल्याशी. कर्जाच्या बाबतीत तर समसमान वाटणी. माहितीपत्रकावर फोटो तिचा, जामीन म्हणून सही यजमानांची. पाहुण्यांचे जेवण बड्या केटररकडून येते. बचत गटाची थालीपिठे ‘वा, घरगुती चव!’ म्हणत फुकट चाखली जातात. याला प्रोत्साहन म्हणतात.

एक नम्र सूचना. मध्येच गिऱ्हाईक आले की भाषणात व्यत्यय येतो. सबब, पुढच्या वर्षीपासून मेळाव्यातून महिला आणि उद्योग या दोन्ही बाबी वगळाव्यात. सत्काराला वेळ पुरेल.

मार्गदर्शनाअभावी काय अनर्थ होतो, हे मुंबईने १९५९ साली पाहिलेच आहे. गिरगावातल्या सात जणींना ना मेळावा मिळाला, ना सन्मानचिन्ह, ना प्रमुख पाहुणे. ८० रुपये उसने घेऊन त्या गच्चीवर पापड लाटत बसल्या. नाइलाजाने बिचाऱ्यांना ‘लिज्जत’चा धंदाच करावा लागला.